दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ: पहिल्यांदाच हिशेब मांडणाऱ्यांसाठी

दोन विमानतळांची नावे इंटरनेटवर टाकली की अंतराचा एक आकडा आणि वेळेचा एक आकडा लगेच समोर येतो. खात्री करावी म्हणून दुसरे संकेतस्थळ उघडले की दोन्ही आकडे बदललेले असतात आणि विमान कंपनीच्या वेळापत्रकात तिसराच वेळ छापलेला असतो. असे होण्याचे कारण साधे आहे. अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जवळजवळ एकच असते; मोजण्याच्या पद्धतीमुळे त्यात थोडाच फरक पडतो. वेळ मात्र वाऱ्यावर, दिशेवर, विमानाच्या प्रकारावर, बंद असलेल्या हवाई हद्दींवर आणि ‘वेळ’ कुठून कुठपर्यंत मोजला यावर अवलंबून असतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवून एकामागून एक सोडवले, तर गोंधळ जवळजवळ उरत नाही. मी हा हिशेब ज्या क्रमाने करतो, तोच क्रम पुढे दिला आहे. वेगवेगळे क्रम करून पाहिल्यानंतर हा टिकला, कारण यात प्रत्येक पायरीचे उत्तर पुढच्या पायरीला लागते आणि चूक झालीच तर ती कुठे झाली ते सापडते.

सुरुवातीला जवळ ठेवायच्या गोष्टी

- दोन्ही विमानतळांची तीन अक्षरी आयएटीए (आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना) संकेताक्षरे (तिकिटावर आणि सामानाच्या पट्टीवर हीच असतात)
- दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश, शक्यतो दशांश अंशांत
- त्रिकोणमितीची बटणे असलेला कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट. नाहीतर ‘ग्रेट सर्कल मॅपर’सारखे अंतर काढून देणारे साधन
- ज्या तारखेला प्रवास आहे, त्याच तारखेचे वेळापत्रक
- दोन्ही ठिकाणच्या प्रमाणवेळा, त्या तारखेला उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत) लागू आहे की नाही यासह
- त्या मार्गावरच्या अलीकडच्या उड्डाणांच्या नोंदी; ‘फ्लाइटरडार२४’ किंवा ‘फ्लाइटअवेअर’वर त्या पाहता येतात

पायरी १: शहर नव्हे, विमानतळ निश्चित करा

‘लंडन ते टोकियो’ एवढ्या माहितीवर अंतर काढता येत नाही. लंडनच्या नावाने हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ ओळखले जातात आणि त्यांपैकी हीथ्रो व स्टॅनस्टेड यांच्यातच सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर आहेत. टोकियोचे हानेदा आणि नारिता हे दोन विमानतळही एकमेकांपासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहेत. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. उड्डाणाच्या वेळेत खरोखरच फारसा फरक पडत नाही, पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर हेच साठ किलोमीटर सगळा बेत मोडू शकतात. त्यामुळे शोधताना शहराचे सामायिक संकेताक्षर (लंडनसाठी एलओएन, टोकियोसाठी टीवायओ) वापरू नका. एलएचआर, एचएनडी असे विमानतळाचे स्वतःचे अक्षर वापरा.

दुसरा धोका सारख्या नावांचा आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे संकेताक्षर एसवायडी आहे, तर कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील सिडनीचे वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी कॅनडातल्या या सिडनीला पोहोचल्याच्या घटना प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन होजे एसजेसी आहे, कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे एसजेओ आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे (बीएचएक्स) तसेच अमेरिकेच्या अलाबामा राज्यातही आहे (बीएचएम). एका अक्षराचा फरक नीट वाचा.

पायरी २: अक्षांश-रेखांश योग्य रूपात उतरवून घ्या

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश त्या देशाच्या वैमानिकी माहिती पुस्तिकेत छापलेले असतात. बहुतेक विश्वकोशांत आणि नकाशांतही तेच आकडे मिळतात. पुढच्या उदाहरणांसाठी आपण लंडनचे हीथ्रो आणि न्यूयॉर्कचे जॉन एफ. केनेडी (जेएफके) हे विमानतळ घेऊ, कारण या मार्गाची प्रत्यक्ष उड्डाणे भरपूर असल्यामुळे आपला हिशेब ताडून पाहणे सोपे जाते.

- हीथ्रो: अक्षांश ५१.४७ उत्तर, रेखांश ०.४६ पश्चिम
- जेएफके: अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम

येथे दोन सापळे आहेत. पहिला सापळा अंश-कला (एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला) आणि दशांश अंश यांच्या सरमिसळीचा आहे. जेएफकेचा अक्षांश ४०°३८′ असा छापलेला दिसला आणि तो तुम्ही ४०.३८ म्हणून लिहिला, तर विमानतळ जवळजवळ २९ किलोमीटर दक्षिणेकडे, थेट समुद्रात सरकतो. अडतीस कलांना साठाने भागावे लागते, म्हणजे ०.६३ आणि वरच्या विकला धरून ०.६४ अंश येतात.

दुसरा सापळा चिन्हाचा आहे आणि तो अधिक वाईट आहे, कारण तो लपून बसतो. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे चिन्हाने लिहायचे असतात. समजा, जेएफकेचा रेखांश उणे ७३.७८ ऐवजी नुसता ७३.७८ लिहिला गेला. तो बिंदू आता अटलांटिकच्या पलीकडे राहत नाही. तो मध्य आशियात, किर्गिझस्तानात जाऊन पडतो. तरीही लंडनपासूनचे अंतर किती येते, हे पाहण्यासारखे आहे. ते ५,६०० किलोमीटर येते, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा जेमतेम ६० किलोमीटर जास्त! हीथ्रो शून्य रेखांशाला अगदी लागून असल्यामुळे पूर्वेकडचा ७३ वा आणि पश्चिमेकडचा ७३ वा रेखांश त्याच्यापासून जवळपास सारखेच दूर आहेत. आकडा पटण्यासारखा आहे, म्हणून कुणाला शंका येत नाही आणि विमान मात्र चुकीच्या खंडात उतरते. यावर उपाय एकच आहे. हिशेब करण्याआधी दोन्ही बिंदू एकदा नकाशावर उमटवून डोळ्यांनी पाहून घ्या.

पायरी ३: ग्रेट सर्कल अंतर काढा

पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा दोन बिंदूंमधला सर्वांत लहान मार्ग म्हणजे ग्रेट सर्कलचा (पृथ्वीला बरोबर निम्म्यात कापणाऱ्या वर्तुळाचा), मराठी पुस्तकांत ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात त्याचा तुकडा. भिंतीवरच्या नकाशावर तो वाकडा दिसतो आणि त्यामुळे नवख्या माणसाला वाटते की विमान उगाच वळसा घेत आहे. खरे तर वाकवलेला आहे तो नकाशा. न्यूयॉर्क लंडनच्या जवळजवळ ११ अंश दक्षिणेला आहे, तरीही हीथ्रोहून जेएफकेकडे जाणाऱ्या सर्वांत लहान मार्गाची सुरुवातीची दिशा पश्चिम-वायव्य, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे २८८ अंश असते. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर दिसणारी ‘सरळ’ आडवी रेघ धरून गेलात, तर सुमारे ५,९३० किलोमीटर कापावे लागतील. उत्तरेकडे झुकलेला ग्रेट सर्कल मार्ग सुमारे ५,७६० किलोमीटरचा आहे. म्हणून सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर दूरच्या विमानतळांसाठी कधीही वापरू नका.

हाताने किंवा स्प्रेडशीटमध्ये हिशेब करायचा असेल, तर तो असा करावा:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. आपल्या उदाहरणात तो ०.५०९५ येतो.

२. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा (येथे ७३.३२ अंश) कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. तो ०.१३५७ येतो.

३. दोन्हींची बेरीज करा: ०.६४५२. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन काढा. तो ४९.८२ अंश आहे.

४. गोलावरच्या एका अंशाला १११.१९५ किलोमीटर असतात (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून). गुणाकार केला की ५,५४० किलोमीटर मिळतात.

स्प्रेडशीटमधली सूत्रे कोन अंशांत घेत नाहीत, रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) घेतात. हे विसरल्यास उत्तर पूर्णपणे भलतेच येते. निदान ते लगेच लक्षात येते, हा त्यातला दिलासा. आणखी एक सोपी कसोटी आहे. पृथ्वीवरचे कोणतेही दोन बिंदू एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा, म्हणजे परिघाच्या निम्म्यापेक्षा, जास्त दूर असूच शकत नाहीत. त्याहून मोठा आकडा आला, तर पुढे जाऊ नका, मागे फिरा.

आता संकेतस्थळांच्या आकड्यांत फरक का दिसतो, तेही येथेच उलगडते. पृथ्वी अचूक गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. काही साधने गोल धरून हिशेब करतात, तर काही डब्ल्यूजीएस ८४ हा चपटा आकार धरून करतात. हीथ्रो ते जेएफके हे अंतर चपट्या आकारावर सुमारे ५,५५५ किलोमीटर येते. पंधरा किलोमीटरचा हा फरक चूक नसून पद्धतीतला फरक आहे आणि तो साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. विमान जमिनीपासून ११ किलोमीटर उंचीवरून उडते, त्यामुळे मार्ग लांबतो का, असेही अनेक जण विचारतात. लांबतो, पण ०.१७ टक्क्यांनीच, म्हणजे या मार्गावर दहा किलोमीटरही नाही. तो सोडून द्यावा.

अंतराच्या या आकड्याला कायदेशीर महत्त्वही आहे. विमानाला उशीर झाल्यास किंवा उड्डाण रद्द झाल्यास भरपाई ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या २००४ मधील २६१ क्रमांकाच्या नियमात अंतर ग्रेट सर्कल पद्धतीनेच मोजावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. अशा अर्जात विमान प्रत्यक्षात किती किलोमीटर उडाले हे लिहू नये.

पायरी ४: एकक पाहा

विमान वाहतुकीत सागरी मैल चालतात, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. ५,५४० किलोमीटर म्हणजे सुमारे २,९९० सागरी मैल, पण साधे मैल सुमारे ३,४४०. आकड्यापुढे नुसते ‘मैल’ लिहिलेले असेल, तर तो कोणता मैल आहे हे ठरल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

पायरी ५: प्रत्यक्ष मार्गासाठी वाढ धरा

ग्रेट सर्कल अंतर ही मार्गाच्या लांबीची खालची मर्यादा आहे. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, धावपट्टीच्या दिशेनुसार वळते, वादळे टाळते आणि गर्दीच्या विमानतळावर उतरण्याआधी घिरट्या घालते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयसीएओ) कार्बन उत्सर्जन गणकात यासाठी ठरावीक भर घातली जाते: ५५० किलोमीटरच्या आत ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० किलोमीटरपर्यंत १०० किलोमीटर आणि त्यापुढे १२५ किलोमीटर. ही किमान भर समजा. मी लांबच्या मार्गांवर दोन ते पाच टक्के धरतो आणि आपल्या उदाहरणासाठी ५,७०० किलोमीटर हा गोल आकडा घेतो.

काही मार्गांवर मात्र पाच टक्क्यांनी भागत नाही आणि या बाबतीत जुनी माहिती फार फसवते. हेलसिंकी ते टोकियो (हानेदा) हे ग्रेट सर्कल अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि रशियावरून जाता येत होते तेव्हा हा प्रवास साधारण साडेनऊ तासांचा होता. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाली. तेव्हापासून त्यांची विमाने उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जातात आणि वेळ सुमारे तेरा तासांवर गेला आहे. विमानतळ आणि त्यांच्यामधले अंतर तेच आहे, वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढला. एखाद्या संकेतस्थळाने अंतराला सरासरी वेगाने भागून ‘उड्डाणाचा वेळ’ दिलेला असेल, तर त्याला या बदलाचा पत्ताही नसतो.

कोणत्या मार्गावर असा वळसा आहे हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे त्या मार्गावरच्या अलीकडच्या चार-पाच उड्डाणांच्या रेषा नकाशावर पाहणे आणि त्या ग्रेट सर्कलपासून किती हटल्या आहेत ते तपासणे. एकच उड्डाण पाहून निष्कर्ष काढू नका. त्या दिवशी एखादे वादळ असू शकते.

पायरी ६: वेग ठरवा आणि वाऱ्याचा हिशेब करा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण वेळेतला सर्वांत मोठा फरक येथूनच येतो.

विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत सांगितला जातो. ११ किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस असते आणि तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर भरतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ही मोठी विमाने साधारण ०.८५ पटीने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० गटातली लहान विमाने साधारण ०.७८ पटीने, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. दहा तासांच्या प्रवासात हा फरक पाऊण तासाचा होतो, त्यामुळे तिकिटावर लिहिलेला विमानाचा प्रकार वाचून घ्या.

पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला हा वारा पाठीमागून ढकलतो, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा काढावा लागतो.

आपले उदाहरण पुढे नेऊ. वारा सरासरी ताशी ८० किलोमीटर धरला, तर लंडनहून न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या तुलनेत वेग ९०० उणे ८०, म्हणजे ८२० होतो आणि ५,७०० किलोमीटरला ६ तास ५७ मिनिटे लागतात. परत येताना वेग ९८० होतो आणि वेळ ५ तास ४९ मिनिटे. अंतर एकच असूनही तासाहून अधिक फरक पडतो.

जाताना जे गमावले ते येताना मिळते, मग सरासरी वारा नसल्यासारखीच, असे समजू नका. वारा नसता तर दोन्ही बाजूंचा मिळून प्रवास १२ तास ४० मिनिटांचा झाला असता. ताशी ८० किलोमीटर वाऱ्यात तो १२ तास ४६ मिनिटांचा होतो आणि वारा ताशी १५० किलोमीटर असेल, तर १३ तास २ मिनिटांचा. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, त्यामुळे नुकसान फायद्यापेक्षा नेहमीच मोठे असते.

वाऱ्याचा जोर कुठवर जातो, याची एक नोंद येथे सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हवेच्या तुलनेत मात्र ते ध्वनीपेक्षा कमीच वेगाने उडत होते. असा वेळ हा अपवाद आहे. तो धरून कोणताही बेत आखू नये.

उत्तर अटलांटिकवर तर मार्गच वाऱ्यानुसार रोज नव्याने आखले जातात. पूर्वेकडचे मार्ग जेट प्रवाहाचा फायदा घेतात आणि पश्चिमेकडचे त्याला टाळतात. म्हणूनच एकाच क्रमांकाचे उड्डाण सोमवारी एका वाटेने आणि मंगळवारी शेकडो किलोमीटर उत्तरेकडून गेलेले दिसले, तर त्यात काहीही वावगे नाही.

पायरी ७: हवेतला वेळ आणि ‘ब्लॉक टाइम’ वेगळे ठेवा

आतापर्यंत काढलेला वेळ विमान पूर्ण वेगात उडत आहे असे धरून आला. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. त्यासाठी सुमारे २० मिनिटे वाढवा. मग हवेतला वेळ मिळतो: लंडनहून न्यूयॉर्कला साधारण सव्वासात तास, परतीला सहा तास दहा मिनिटांच्या आसपास.

वेळापत्रकात मात्र हा वेळ छापत नाहीत. तेथे गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर गेटपर्यंत येणे यांसाठी मोठ्या विमानतळांवर मिळून ३० ते ४० मिनिटे सहज जातात. शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी सूट राखून ठेवतात. या साऱ्याची बेरीज केली की जाताना पावणेआठ ते आठ तास आणि येताना पावणेसात ते सात तास होतात आणि वेळापत्रकातही साधारण हेच आकडे दिसतात. आपला अंदाज आणि छापील वेळ यांत पाऊण तासापेक्षा जास्त तफावत असेल, तर वळसा, हळू विमान किंवा मधला थांबा यांपैकी काहीतरी आपल्या नजरेतून सुटले आहे, असे समजून पुन्हा तपासा.

कुणाला विमानतळावर घ्यायला जायचे असेल, तर ब्लॉक टाइमनंतर पारपत्र तपासणी आणि सामान यांचा वेळ वेगळा धरावा. तो उड्डाणाच्या हिशेबात येत नाही.

पायरी ८: वेळापत्रकातून वेळ काढताना दोन्ही वेळा यूटीसीमध्ये आणा

तिकिटावरची निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची. त्यांची थेट वजाबाकी करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या समन्वित जागतिक वेळेत) बदला आणि मगच वजा करा.

समजा, हिवाळ्यात लंडनहून विमान सकाळी १०:०० वाजता निघते आणि न्यूयॉर्कला दुपारी १३:०० वाजता पोहोचते. थेट वजाबाकी तीन तास दाखवते. लंडन हिवाळ्यात यूटीसीवरच असते, म्हणून निघण्याची वेळ १०:००. न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे आहे, म्हणून पोहोचण्याची वेळ १८:००. खरा वेळ आठ तास.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तर हीच पद्धत तारू शकते. टोकियोहून रात्री २१:०० वाजता निघालेले विमान होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी ०९:०० वाजता उतरते, म्हणजे निघण्याच्या बारा तास आधी! टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे आहे, म्हणून निघणे १२:०० यूटीसी. होनोलुलू दहा तास मागे आहे, म्हणून पोहोचणे १९:०० यूटीसी. प्रवास सात तासांचा आहे. उलट दिशेने जाताना एक तारीख पुढे जाते, त्यामुळे तिकिटावरच्या वेळेशेजारी ‘+१’ किंवा ‘+२’ अशी खूण आहे का ते पाहा. हॉटेलची आरक्षणे चुकीच्या तारखेला होतात ती बहुधा ही खूण न पाहिल्यामुळे.

उन्हाळी वेळेबाबत विशेष सावध राहा. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. मधल्या आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने लंडन आणि सिडनी यांच्यातला फरक वर्षभरात नऊ, दहा आणि अकरा तास असा बदलतो. सगळ्या प्रमाणवेळा पूर्ण तासांच्या असतात असेही नाही. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे आणि नेपाळ पावणेसहा तास.

पायरी ९: मधला थांबा असेल, तर टप्पे वेगळे मोजा

सलग उड्डाणांनाही मर्यादा असते. सिंगापूर ते न्यूयॉर्क (जेएफके) हा जगातल्या सर्वांत लांब नियमित सलग मार्गांपैकी एक आहे: सुमारे १५,३५० किलोमीटर आणि साडेअठरा तासांच्या आसपास. त्यासाठी एअरबस ए३५०ची खास लांब पल्ल्याची आवृत्ती वापरतात. पर्थ ते लंडन हा सुमारे १४,५०० किलोमीटरचा मार्ग २०१८ मध्ये मधल्या थांब्याशिवाय सुरू झाला आणि त्याला साधारण सतरा तास लागतात. यापलीकडच्या अंतरांसाठी थांबा गृहीत धरावा.

थांबा कुठे आहे यावर बरेच अवलंबून असते. सिडनी ते लंडन हे ग्रेट सर्कल अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. सिंगापूरमार्गे गेल्यास दोन टप्प्यांची बेरीज १७,२०० किलोमीटरच्या आतच राहते, कारण सिंगापूर सरळ वाटेच्या अगदी जवळ आहे. लॉस एंजेलिसमार्गे तीच बेरीज २०,८०० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणून स्वस्त तिकीट दिसले की आधी थांब्याचे ठिकाण नकाशावर पाहावे. प्रत्येक टप्प्यासाठी पायरी ३ ते ८ पुन्हा करा आणि मधला थांबण्याचा वेळ शेवटी मिळवा.

‘डायरेक्ट’ लिहिलेले उड्डाण न थांबणारे असेलच असे नाही. एकाच क्रमांकाचे विमान मध्ये एखाद्या विमानतळावर उतरून पुढे जात असले, तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. तुम्हाला न थांबणारे हवे असेल, तर ‘नॉन-स्टॉप’ हा शब्द शोधा किंवा थांब्यांची संख्या शून्य आहे हे पाहा.

पायरी १०: आकडा प्रत्यक्ष उड्डाणांशी ताडून पाहा

उड्डाण-नोंदींच्या संकेतस्थळावर आपल्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातले प्रत्यक्ष वेळ वाचा. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन-दोन वेळा दिसतील: गेटची आणि धावपट्टीची. कोणती घेत आहात ते ठरवून तीच शेवटपर्यंत वापरा. प्रवास सहा महिन्यांनी असेल, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातली नोंद आजच्या नोंदीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण जुलैचा वारा आणि जानेवारीचा वारा सारखा नसतो. मात्र दरम्यान एखादी हवाई हद्द बंद झाली किंवा उघडली असेल, तर मागच्या वर्षीची नोंद बाजूला ठेवून अलीकडचीच घ्या.

विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखांच्या अलीकडे तिकीट काढले असेल आणि प्रवास पलीकडे असेल, तर विमान, निघण्याची वेळ आणि क्वचित विमानतळसुद्धा बदललेला असू शकतो. अशा वेळी पायरी १ पासून पुन्हा एकदा सगळे पाहून घ्या.